गल्ल्यावरची पोरं : चार पैशांत काढलेले दुकानातले विनोदी सिनेमे

अर्धं_शटर

दुकानात काउंटरमागे अडकलेली विशी-बाविशीची पोरं, हाताला काम कमी आणि तोंडाला भरपूर. अशा पोरांवर थोडक्या पैशांत निघालेले विनोदी सिनेमे मला मनापासून आवडतात. इथे त्यांच्यावर सविस्तर लिहिलेलं दिसलं नाही, म्हणून हा धागा. शेवटी एक प्रस्तावही आहे, खास करून सिंधुदुर्ग-रत्नागिरीकरांसाठी.

सुरुवात 'क्लर्क्स'पासून करावी लागते. केविन स्मिथचा हा पहिला सिनेमा, १९९४ सालचा. न्यू जर्सीतल्या लिओनार्डो नावाच्या गावात 'क्विक स्टॉप' म्हणून दूध-पाव-सिगारेट विकणारं दुकान आहे. स्मिथ तिथेच नोकरीला होता. सिनेमाचा खर्च २७,५७५ डॉलर. त्यासाठी त्याने जमवलेली कॉमिक्स विकली आणि क्रेडिट कार्डं शेवटच्या डॉलरपर्यंत वापरली. १६ एमएम फिल्म, कृष्णधवल, नट बहुतेक ओळखीपाळखीचे. गोष्ट एका दिवसाची. डांटेची सुट्टी असते, तरी मालकाचा फोन येतो म्हणून तो दुकान उघडतो. शेजारच्या व्हिडिओ लायब्ररीत त्याचा मित्र रँडल. त्याला स्वतःच्या दुकानापेक्षा डांटेच्या दुकानात बसायला जास्त आवडतं.

मी ज्या एका गोष्टीवर फिदा झालो ती अशी. दुकान दिवसभर चालू असायचं, म्हणजे शूटिंग फक्त रात्री. पण गोष्ट तर दिवसाची. काचेबाहेरचा काळोख दिसला तर सगळं खोटं पडलं असतं. मग स्मिथने काय केलं? कोणीतरी कुलपांत च्युइंगगम कोंबलंय आणि शटर उघडतच नाही, असं कथेतच लिहून टाकलं. डांटे एका चादरीवर बूटपॉलिशने 'दुकान नक्की उघडं आहे' अशा अर्थाची पाटी लिहून बाहेर टांगतो. त्या पाटीला, बंद शटरला, आत येऊन पुन्हा पुन्हा "उघडं आहे का?" विचारणाऱ्या गिऱ्हाइकांना आपण दीड तास हसतो, आणि बघणाऱ्याला कळतही नाही की हे सगळं दिग्दर्शकाकडे दिवसा शूट करायची सोय नव्हती म्हणून आहे. अडचण लपवली नाही, गोष्टीत घेतली. कमी पैशातल्या सिनेमाचं याहून चांगलं शिक्षण मला कुठे मिळालेलं नाही.

दुसरं म्हणजे गिऱ्हाईक. या सिनेमांत गिऱ्हाईक हे पात्र म्हणून येत नाही, वाऱ्यासारखं येतं आणि चाललेलं बोलणं भलतीकडे नेतं. डांटे आणि रँडल 'स्टार वॉर्स'वर वाद घालत असतात. खलनायकांचं अवकाशातलं दुसरं ठाणं, डेथ स्टार, अजून बांधून व्हायचं होतं, मग ते उडवलं तेव्हा आत कंत्राटावर आलेले गवंडी-प्लंबर होते त्यांचा काय दोष? तेवढ्यात एक गिऱ्हाईक मध्ये पडतं. तो स्वतः छपराची कामं घेणारा. तो सांगतो की एका गुंडाच्या घराचं काम त्याने नाकारलं, मित्राने घेतलं आणि मित्र जिवाला मुकला; कुठलं काम घ्यायचं हे कारागिराने स्वतःच ठरवायचं असतं. थट्टेतला वाद एका मिनिटात खरा होतो. अशी माणसं माझ्या ओळखीच्या प्रत्येक दुकानात येतात.

प्रस्ताव असा, की कोकणात असा एक सिनेमा व्हायला हवा. आपल्याकडे दुकान आहे, पावसाळ्यातला रिकामा वेळ आहे आणि बोलणारी माणसं तर विचारूच नका. मी कुडाळात लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो, त्याआधी मोबाइलच्या दुकानात होतो. कॅमेरा आहे. गोष्ट नाही. बोला.

——

तिठ्यावरचा

उत्तम धागा. थोडी वंशावळ जोडतो.

स्मिथला हे सुचलं ते रिचर्ड लिंकलेटरचा 'स्लॅकर' बघून. तो ऑस्टिन शहरात साधारण २३,००० डॉलरमध्ये झालेला, १९९१ मध्ये सगळीकडे लागलेला. त्यात नायकच नाही. कॅमेरा एका माणसामागे जातो, तो कोणाला भेटला की त्या दुसऱ्यामागे. काम न करणाऱ्यांचा सिनेमा आहे तो. स्मिथने त्यातलं बोलणं घेतलं, फक्त बोलणाऱ्यांना नोकरी दिली आणि काउंटरला बांधून टाकलं. माझ्या मते खरी करामत तीच. रिकामा माणूस कंटाळला तर उठून जातो. दुकानातल्या पोराला उठता येत नाही.

पैसे वाढले की काय होतं तेही बघा. स्मिथचा पुढचाच सिनेमा 'मॉलरॅट्स', १९९५. खर्च साठ लाख डॉलरच्या आसपास, तिकीटबारीवर निम्मेही आले नाहीत. तिथली पोरं मॉलमध्ये नुसती भटकतात, त्यांना कोणी कुठे बसवलेलं नाही. मला तो अधूनमधून आवडतो, पण त्याची पकड ढिली आहे. त्याच वर्षी 'एम्पायर रेकॉर्ड्स' आला, कॅसेट-सीडीच्या दुकानातला एक दिवस. तोही तेव्हा साफ पडला, पुढे टीव्ही आणि व्हिडिओवर बघून लोकांनी डोक्यावर घेतला. त्यात दुकान मोठ्या साखळी कंपनीच्या घशात जाणार असतं, म्हणजे गोष्टीला आधीच एक काळजी लावून दिलेली. 'क्लर्क्स'मध्ये तसं काहीच धोक्यात नाही, आणि म्हणून तो जास्त धाडसाचा वाटतो.

एक माहिती : 'क्लर्क्स'च्या सुरुवातीच्या आवृत्तीत शेवटी दरोडेखोर येऊन डांटेला गोळी घालतो. सनडान्स चित्रपट महोत्सवाला जाण्यापूर्वी तो शेवट काढला. फार बरं झालं.

——

सोलकढी_दोन_वाट्या

कृष्णधवल का केला पण? मूड म्हणून?

——

पडद्यामागे

मूडपेक्षा सोय. दुकानात ट्यूबलाइट एका रंगाची, फ्रीजमधला दिवा दुसऱ्या, तुम्ही लावलेला तिसऱ्या. रंगीत फिल्मवर हे जुळवायचं तर दिवे आणि वेळ दोन्ही लागतात. कृष्णधवलमध्ये ती कटकट मिटते. त्या सिनेमाला जी सुरक्षा-कॅमेऱ्यासारखी कळा आली आहे ती त्यातून आली, आणि ती विषयाला शोभते.

आवाजाबद्दल नंतर लिहितो, तो मोठा विषय आहे.

——

बंदरावरची_गजाल

बरो धागो काढलस रे. माझ्या काकाचा दुकान बंदरार आसा. जाळी, तंगूस, बोये (जाळ्याक बांधूचे तरंगे), शिशाचे गोळे, दोर, इंजिनाचा ऑइल, फिल्टर, रेनकोट, बॅटरी. मोसमात बसाक फुरसत नाय. पण एक जून ते एकतीस जुलै मासेमारी बंद. तेवा बघूक ये.

बोटी वर काडलेल्यो, झापांनी शाकारलेल्यो. खलाशी आपापल्या गावाक गेलेले. जे हयले ते सकाळी जाळी शिवतत आणि दुपारी आमच्या बाकड्यार येवन बसतत. कोणाक काय एक घेवचा नसता. एक म्हातारो रोज येता, एकच बोयो हातात घेता, दाबून बघता, किंमत इचारता आणि परत ठेवता. काल काय भाव होतो ता तेका पाठ आसा, तरी इचारता. काको तेका भाव सांगता, तो पण तेवढ्याच गंभीरपणान. दोघांतलो कोणच हसणा नाय. मी मात्र गोदामात जावन हसतंय.

एकसष्ट दिवस. सिनेमो तितूरच आसा.

——

उभी_दिवसभर

मी रत्नागिरीत एका कापड दुकानात काम केलं आहे, लग्न होईपर्यंत. सगळं वाचलं आणि चांगलंही वाटलं, पण एक गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून लिहिते.

या सिनेमांतली पोरं बसलेली असतात. आम्ही बसायचो नाही. गिऱ्हाईक गादीवर बसलेलं, शेठ गल्ल्यावर बसलेले, आम्ही उभ्या. गिऱ्हाईक नसलं तरी उभं राहायचं, कारण रस्त्यावरून बघणाऱ्याला दुकान तयार दिसलं पाहिजे. शेठ जेवायला घरी गेले की आम्ही खालच्या फळीवरच्या अस्तराच्या गठ्ठ्यांवर टेकायचो. सगळ्यांनी एकदम नाही, पाळीपाळीने. दारातल्या मुलीने बांगड्या वाजवल्या की उठायचं. केरळने २०१८ मध्ये दुकानांच्या कायद्यात बदल करून बसायला जागा देणं बंधनकारक केलं, तमिळनाडूने २०२१ मध्ये. केरळातल्या कापड दुकानातल्या बायका त्यासाठी रस्त्यावर उतरल्या होत्या. 'अंगाडी तेरु' नावाचा तमिळ सिनेमा (२०१०, वसंतबालन) चेन्नईच्या रंगनाथन स्ट्रीटवरच्या अशा दुकानातल्या मुला-मुलींवर आहे. तो विनोदी नाही, बघताना जीव घुसमटतो.

विनोद करू नका असं मी म्हणत नाही. आम्ही जितक्या हसलो तितक्या नंतर कधी हसलो नसू. मालाच्या चिठ्ठीवर खरेदीचा भाव अक्षरांत लिहिलेला असतो, हे ठाऊक आहे का? दहा वेगळ्या अक्षरांचा एक शब्द ठरवायचा, पहिलं अक्षर एक, दुसरं दोन, असं शेवटचं शून्य. तो शब्द दुकानाबाहेर सांगायचा नाही. आम्ही त्याच अक्षरांत एकमेकींशी बोलायला लागलो. अमुक बाई किती साड्या काढायला लावून काही न घेता जाईल, ते ती दारात असतानाच अक्षरांत सांगायचं आणि मग बघत राहायचं कोण बरोबर आलं. शेठ समोर असायचे, त्यांना वाटायचं भाव विचारतायत. घड्या घालता घालता आमचे दिवस असे गेले.

तुमच्या सिनेमात दोन मुलगेच बोलत बसणार असतील तर अर्धंच दुकान दिसेल.

——

अर्धं_शटर

@उभी_दिवसभर, ताई, हा प्रतिसाद मी परत परत वाचला. बांगड्यांचा इशारा आणि अक्षरांतली भाषा, हे दोन्ही सिनेमात असायला हवं, आणि ते तुम्हाला विचारूनच वापरेन.

'क्लर्क्स'मध्ये ही बाजू खरोखर कमी आहे. तिथल्या मुली बाहेरून दुकानात येतात, काम करताना दिसत नाहीत. बाईच्या बाजूने काम दाखवणारा सिनेमा हवा असेल तर अँड्रू बुजाल्स्कीचा 'सपोर्ट द गर्ल्स' (२०१८) बघा. तो दुकानातला नाही, महामार्गावरच्या बारमधला आहे, पण एका दिवसात व्यवस्थापक बाई किती लोकांची ओढाताण निस्तरते ते त्यात आहे. रेजिना हॉलचं काम अप्रतिम.

——

हायवेचा_फाटा

माझं मत थोडं वेगळं आहे आणि स्पष्ट लिहितो.

अमेरिकेतल्या पोराचा कंटाळा आणि आपल्याकडचा, यांत फरक आहे. डांटे कॉलेज सोडून बसलाय, त्याला परत जाता येईल, नोकरी सोडता येईल. रँडल त्याला शेवटी तेच सुनावतो, की तुला कोणी बांधून ठेवलेलं नाही, उगाच हुतात्मा होऊ नकोस. आपल्याकडे हे वाक्य कोणाला सुनावणार? माझ्या ओळखीत महामार्गावर काजू-कोकम-आंबापोळीच्या दुकानात बसणारी पोरं आहेत. कोणी पोलीस भरतीची तयारी करतोय, पहाटे धावतो आणि दुपारी गल्ल्याखाली पुस्तक उघडतो. कोणी गोव्यात हॉटेलात लागायची वाट बघतोय. कोणाला मुंबईहून भावाचा फोन यायचाय. दुकान हे त्यांचं ठिकाण नाही, थांबा आहे.

आणि मुख्य गोष्ट, दुकान बहुतेक वेळा मामाचं, काकाचं नाहीतर मेव्हण्याचं असतं. म्हणजे पगार किती हे कधी ठरलेलंच नसतं. मागायचा कसा? मामीच्या हातचं जेवतोय. सुट्टी मागायची तर आईला फोन जातो. सोडून जायचं म्हटलं तर गणपतीला घरात कोण कोणाशी बोलणार नाही याचा विचार करावा लागतो. असं असताना 'कंटाळलेली पोरं' हा विषय आयात केला तर तो खोटा दिसेल.

——

तिठ्यावरचा

@हायवेचा_फाटा, तुम्ही विरोध करताय असं तुम्हाला वाटतंय, पण तुम्ही गोष्ट दिलीत. मामाच्या दुकानात पगार मागणं! त्यावर अख्खा सिनेमा उभा राहतो. नायकाला सकाळी ठरवायचं आहे की आज विचारायचं, आणि दिवसभर प्रत्येक वेळी कोणीतरी येतं. गिऱ्हाईक येतं, देवस्थानची वर्गणी येते, मामीचा डबा येतो, आणि डब्यात त्याच्या आवडीचं असतं म्हणून पुन्हा तोंड उघडत नाही.

असे सिनेमे गावातल्या चालीरीतींवरच उभे राहतात. दिलीश पोत्तनचा पहिला सिनेमा 'महेशिन्ते प्रतिकारम' (२०१६) बघा. केरळातल्या इडुक्कीच्या डोंगरातला छोटा फोटो स्टुडिओ, फहाद फासिल त्याचा मालक. पासपोर्ट फोटो काढणं एवढंच त्याचं आयुष्य. चारचौघांत मार खातो आणि ठरवतो की बदला घेईपर्यंत पायात चप्पल घालणार नाही. त्या गावाबाहेर हे कुठेच घडलं नसतं, तरी आपल्याला सगळं कळतं. आणि पाऊस, चिरा, उतारावरची घरं. आपलंच वाटतं.

——

बंदरावरची_गजाल

पगाराचा सांगू नको. माझो काको "लग्नात एकदम देतलंय" म्हणता.

——

वाशिष्ठीकाठ

चिपळूणहून. बाजारपेठेतल्या दुकानात शूट करणार असाल तर एक सांगते. २२ जुलै २०२१ च्या पुराच्या खुणा अजून काही भिंतींवर आहेत. काहींनी रंग दिला, काहींनी मुद्दाम रेघ ठेवली. आमच्या स्टेशनरीच्या दुकानात ती माझ्या डोक्याच्या वर आहे, मालाची शेवटची फळी त्या रेघेच्या वर आहे आणि महागाची वस्तू तिथेच. म्हणजे जरा चांगलं पेन कोणी मागितलं की शिडी आणायची. गिऱ्हाईक म्हणतं, "राहू दे, खालचंच दे." खप त्यामुळे स्वस्त पेनांचाच.

ही रेघ कोणी पात्राने समजावून सांगू नये. शिडी दाखवा. चिपळूणकर ओळखतील, बाकीच्यांना ती नुसती गमतीची शिडी वाटली तरी हरकत नाही.

——

अर्धं_शटर

शिडी घेतली.

——

चाकरमानी_डब्यातून

भाषा कुठली ठेवणार? मालवणी ठेवली तर मुंबई-पुण्याच्या बाहेर अडेल असं लोक म्हणतील, पण मला पटत नाही. गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' १९८० मध्ये आलं, मच्छिंद्र कांबळींनी ते हजारो प्रयोगांपर्यंत नेलं, आणि अस्सल मालवणीत. गावातल्या हौशी मंडळींचं नाटक बसवणं आणि बसवताना उडणारा गोंधळ, एवढाच तर ऐवज. साधनं नाहीत हेच त्यातलं नाट्य. धागाकर्त्याने शटरबद्दल जे लिहिलं ते आपल्या रंगभूमीने फार आधी करून दाखवलं आहे.

पण सगळी पात्रं एकाच तोंडाने बोलू नयेत. मालवणचं बोलणं वेगळं, रत्नागिरीचं वेगळं, बंदरावर दालदी बोलणारी माणसं आहेत, घाटावरून आलेला बँकेचा कर्मचारी वेगळाच. दुकान ही अशी जागा आहे जिथे हे सगळे एका फळीसमोर उभे राहतात.

शिव्यांचं काय? मालवणीत त्या ओवीसारख्या येतात.

——

पडद्यामागे

शिव्यांवरून 'क्लर्क्स'चीही अडवणूक झाली होती. पडद्यावर ना मारामारी ना उघडेपणा, केवळ संवादांमुळे त्याला तिथलं सर्वांत कडक प्रमाणपत्र मिळालं. वितरक मिरामॅक्सने ॲलन डर्शोविट्झसारखा नावाजलेला वकील लावला आणि अपिलात एक पायरी खाली आणून घेतलं. आपल्याकडे २०२४ च्या नियमांनुसार यूए (पालकांच्या सल्ल्याने बघायच्या) प्रमाणपत्राचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले आहेत. मोजून शिव्या ठेवल्या तर १६+ ची आशा धरता येईल. मी तर म्हणेन काकाच्या तोंडी एकच शिवी ठेवा, आणि ती मोक्यावर.

आता आवाज. जून-जुलैत पत्र्याखाली संवाद रेकॉर्ड करायचे म्हणजे दिव्य आहे. पाऊस जोरात लागला की समोरच्याचं ऐकू येत नाही, माइकला तर नाहीच. मला तीन गोष्टी सुचतात. प्रत्येक नटाला कॉलरमाइक, आणि वरचा बूम (काठीवरचा माइक) फक्त पाऊस थांबला की. दुकानातला फ्रीज शॉटपुरता बंद, पण एकाने गाडीची किल्ली त्या फ्रीजमध्येच ठेवायची, म्हणजे तो परत चालू केल्याशिवाय कोणी घरी जाणार नाही. आणि मुसळधार पावसात माणसं जशी खरंच वागतात तशी पात्रं वागू द्या. वाक्य अर्धवट सोडतात, पाऊस उणावेपर्यंत एकमेकांकडे बघत थांबतात, मग तिथूनच पुढे. हे लिहूनच ठेवा. वाद ऐन रंगात आलाय आणि सर आली, सगळे गप्प; सर गेली आणि तोवर एकाला मुद्दा आठवत नाही.

कॅमेरा कुठलाही चालेल. शॉन बेकरने 'टँजरिन' (२०१५) आयफोन ५एसवर शूट केला होता. ट्यूबलाइट लुकलुकू नये म्हणून कॅमेऱ्याचं शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवा, आपली वीज ५० हर्ट्झची आहे.

संगीत मात्र सांभाळा. 'क्लर्क्स'मध्ये वापरलेल्या गाण्यांचे हक्क घ्यायला मूळ सिनेमाच्या खर्चापेक्षा जास्त पैसे लागले, तेही वितरक मिळाल्यावर त्यांनी भरले म्हणून जमलं. दुकानातल्या रेडिओवर जुनं हिंदी गाणं लावायचा मोह होईल. लावू नका. त्यापेक्षा दशावताराची पेटी, मृदंग आणि झांज. ओळखीतल्या मंडळींना मानधन देऊन, त्यांच्याकडून लिहून घेऊन नवं वाजवून घ्या. पावसात त्यांनाही खेळ नसतात.

——

हायवेचा_फाटा

पावसाने थांबणारा वाद आवडला. आमच्याकडे असंच होतं. माझा आक्षेप मागे.

एक विचारायचं होतं. पावसात दुकान दाखवायचं तर बाहेरचा रस्ता दिसणार. एसटी जाणार, माणसं कॅमेऱ्याकडे बघणार, ऊन-सावली बदलत राहणार. एका दिवसाची गोष्ट महिनाभर तुकड्या-तुकड्यांनी शूट केली की ते जुळणार कसं?

——

उभी_दिवसभर

दुकानापुढे कापड नसतं का बांधलेलं?

——

अर्धं_शटर

ताई!!

सगळ्यांनी हे वाचा. कोकणात मे संपता संपता अर्ध्या दुकानांपुढे निळं मेणकापड लागतं, तिरक्या झडीने माल भिजू नये म्हणून. छपराच्या वाशापासून खाली, एका बाजूला वाकून आत शिरण्यापुरती फट. ते गणपतीच्या आधी उतरतं. तीनेक महिने दुकानातल्या माणसाला रस्ता दिसतच नाही. दिसतात ते फक्त पाय.

म्हणजे रस्ता झाकला, बघ्यांचा प्रश्न मिटला, उजेड दिवसभर जवळपास सारखा, आणि ढगाळ दिवशी कुठलीही वेळ कुठलीही म्हणून चालेल. हे मुद्दाम रचायचंही नाही, ते तसंच असतं. वर प्रत्येक गिऱ्हाईक वाकून, केस पुसत, एका फटीतून आत येणार. कोण आहे ते आधी पायांवरून ओळखायचं. काउंटरवरची दोघं पैज लावणार, चपला बघून. आणि ताईंची अक्षरांतली भाषा इथेच येते. जिने पैज मारायची ती शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानातली मुलगी, कारण तिच्याकडे गावातल्या प्रत्येकाच्या आधार कार्डाची प्रत काढून झालेली आहे, तिला सगळे ठाऊक.

गोष्ट आता अशी दिसतेय : बंदरावरचं जाळ्यांचं दुकान, मासेमारी बंदीचा शेवटचा दिवस, ३१ जुलै. उद्यापासून बोटी जाणार म्हणून आज तरी गर्दी व्हायला हवी, पण हवामान खात्याचा इशारा आला आहे आणि कोणी येत नाही. पोराला आज मामाकडे पगार मागायचाच आहे, कारण उद्यापासून मामाला ऐकायला वेळ नसेल. म्हातारा बोया दाबून जातो. शिडी आहे. पगार मागितला जातो की नाही ते मला अजून माहीत नाही, पण दिवस माझ्या डोळ्यांपुढे आहे.

——

वाशिष्ठीकाठ

म्हाताऱ्याने शेवटी बोया विकत घ्यावा का? मला वाटतं घेऊ नये.

——

बंदरावरची_गजाल

घेवचो नाय. खराच तो घेणा नाय.

——

सोलकढी_दोन_वाट्या

पण निळ्या कापडातून येणारा उजेड निळा असतो ना? आमच्या दुकानात पावसात टोमॅटो जांभळे दिसतात. मग कृष्णधवल करायचा?

——

पडद्यामागे

योग्य प्रश्न, आणि इथे माझं मन दोन्हीकडे ओढतंय. निळ्या उजेडात ट्यूबखालचे चेहरे हिरवट-पांढरे आणि फटीजवळचे निळे दिसतील, जुळवणं अवघड. कृष्णधवल केला तर सगळं सरळ होतं, आणि दुकानातली जाळी, दोर, शिसं यांचा पोत फार सुंदर येईल. पण कोकणात पावसाळ्यात दुकानात बसलेल्या प्रत्येकाने तो निळा रंग पाहिला आहे, आणि तो पडद्यावर आजवर कोणी नीट आणलेला मला आठवत नाही. मी असतो तर ट्यूब काढून टाकल्या असत्या. एकच पिवळा बल्ब गल्ल्यावर, बाकी सगळं कापडातून येईल तेवढं. मामाचा चेहरा पिवळा, गिऱ्हाइकं निळी.

ठरवण्याआधी चाचणी करावी लागेल. खरं कापड, खरं दुकान, ढगाळ दुपार. कॅमेरा आणि बल्ब मी आणतो.

——

अर्धं_शटर

मी तयार. रविवार सोडून कधीही, रविवारी लग्नं असतात. ताई, तुम्ही आणि तुमच्या तेव्हाच्या मैत्रिणी येऊ शकाल का? संवाद मी लिहिण्याआधी तुमचं बोलणं ऐकायचं आहे.

——

उभी_दिवसभर

दोघी नक्की येतील. तिसरी सुरतेला असते, तिला फोनवर घेऊ. बसायला खुर्च्या मात्र ठेवा.

——

बंदरावरची_गजाल

खुर्चे आसत, बाकडा पण आसा. कापड पंधरा बाय वीस, गेल्या वर्षाचा, एका कोपऱ्याक फाटलेला. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात बांधतो. काकाक मी सांगान ठेवतंय, पण पगाराचा इषय तेच्यासमोर काडू नकात.